ओळख म्हणायची की सवय?

गणपतीला आजोळी गेले की सकाळी साडेदहाच्या सुमारास मी विहिरीवर असते. मामीचा नैवेद्य झालेला असतो. वाटीत भाताची मूद घेऊन ती येते, पितळी तांब्या कठड्यावर टेकवते आणि खाली वाकते. भाद्रपदात पाणी पुरुषभर खाली असतं. आधी काहीच दिसत नाही. मग हिरवट पाण्यातून एक काळा ठिपका वर येतो. छोट्या नळीसारखं नाक, त्यामागे दोन डोळे. भात पडण्याआधीच ते येतं. मी एकटी गेले तर कधी येतच नाही, आलं तरी पलीकडच्या भिंतीशी थांबतं. मामी म्हणते, "तुला अजून ओळखत नाही ते."

मामांना हा शब्द खटकतो. तालुक्याच्या कॉलेजात त्यांनी बत्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. मी जनावरांची डॉक्टर झाले ती त्यांच्यामुळेच, आणि माझ्याशी वाद घालण्याचा हक्क ते त्याच खात्यावर वसूल करतात. यंदा हा वाद तीन दिवस चालला.

"कासवाला तुझी मामी कळत नाही," मामा म्हणाले. "त्याला तांब्याचा आवाज कळतो. तांब्या वाजला की भात पडतो, एवढी गाठ त्याच्या डोक्यात बसली आहे. तिला सवय म्हण. ओळख म्हणू नकोस."

मी त्यांना गिल्बर्ट व्हाइटची आठवण करून दिली. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या सेलबॉर्न गावचा हा पाद्री. त्याच्या आत्याने टिमोथी नावाचं जमिनीवरचं कासव पाळलेलं होतं. तीस वर्षांहून अधिक काळ तीच त्याला खायला घालायची. व्हाइटने लिहून ठेवलं आहे की म्हातारी दिसली की हे कासव अडखळत, पण लगबगीने तिच्याकडे निघायचं आणि परक्या माणसाकडे ढुंकून पाहायचं नाही. आत्या गेल्यावर १७८० मध्ये त्याने टिमोथीला आपल्या बागेत आणलं. त्याचं पुस्तक १७८९ साली आलं. टिमोथी खरं म्हणजे मादी होती, हे तिच्या मरणानंतर कळलं. तिची पाठ आजही लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहे.

"इतकी वर्षं जवळ राहून ज्याला नर की मादी तेही कळलं नाही, त्याच्या शब्दावर तू कासवाची अक्कल ठरवणार?" मामा म्हणाले. "ही एका सज्जनाची आठवण झाली. प्राण्यांच्या बुद्धीचा अभ्यास करणाऱ्या लॉइड मॉर्गनने १८९४ मध्ये काय बजावलं होतं? जी कृती साध्या कारणाने उलगडते, तिच्यासाठी वरच्या दर्जाची बुद्धी गृहीत धरू नका. वर्गात दरवर्षी पहिल्या तासाला मी हेच सांगायचो."

हे खरंच आहे, आणि मामांचं हे म्हणणं मी कधीच उडवून लावत नाही. जनावरांवर माया करणारी माणसं जनावरांबद्दल सर्वांत जास्त चुका करतात, हे मी रोज दवाखान्यात पाहते. म्हणून मी आठवणी बाजूला ठेवल्या आणि प्रयोगांकडे वळले.

ॲना विल्किन्सन ही इंग्लंडमधली संशोधक. तिच्याकडे मोझेस नावाचं लाल पायांचं कासव होतं. ही जात दक्षिण अमेरिकेतली, जमिनीवर राहणारी. उंदरांसाठी वापरतात तसला आठ फाट्यांचा चक्रव्यूह तिने त्याच्यासाठी केला. मध्ये चौक, चौकातून आठ वाटा, प्रत्येक वाटेच्या टोकाला खाऊ. एकदा जाऊन आलेल्या वाटेवर परत जाणं म्हणजे फुकटची पायपीट. मोझेस योगायोगाने जमेल त्याहून स्पष्टपणे चांगलं करत होता. कुठल्या वाटा उरकल्या हे तो लक्षात ठेवत होता. ते काम २००७ मध्ये छापून आलं.

"वास घेत असेल."

"तीही शंका त्यांनी तपासली, मामा. वासाच्या मागे तो जात नव्हता. खोलीतल्या आजूबाजूच्या खुणांवरून तो जागा ओळखत होता. मग त्यांनी चक्रव्यूहाभोवती पडदा लावला. खुणाच दिसेनात. तेव्हा त्याने काय केलं असेल?"

"गोंधळला असेल."

"नाही. एका वाटेवरून आला की तिच्या शेजारच्या वाटेत शिरायचं, मग तिच्या शेजारच्या. एका बाजूने ओळीने."

मामा खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे ठोकळ नियम! हेच तर मी म्हणतोय. त्याच्या डोक्यात नकाशाबिकाशा काही नाही."

"खुणा असताना हा ठोकळ नियम तो वापरत नव्हता. खुणा गेल्यावर वापरला. एक उपाय चालेना म्हटल्यावर दुसरा काढला. याला तुम्ही काय म्हणाल?"

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी सुपारीचा डबा उघडला आणि तसाच मिटला. वर्गात अवघड प्रश्न आला की ते असंच करायचे, असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात.

दुपारी जेवणं झाल्यावर तेच पुन्हा बोलले. "आमच्या वेळी पाठ्यपुस्तकात ठाम लिहिलेलं असायचं. सस्तन प्राण्यांच्या मेंदूवर सहा थरांचं जे आवरण असतं, ते सरपटणाऱ्या प्राण्यांना नाही, म्हणून शिकणं बेताचं. आम्ही तेच शिकवलं. आणि जुने प्रयोगही तसेच निघायचे. कासवं, सरडे चक्रव्यूहात नुसते बसून राहायचे."

"कुठल्या तापमानाला बसून राहायचे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. यापुढे मला फार सांगावं लागलं नाही, कारण शरीरशास्त्र त्यांचं माझ्याहून पक्कं आहे. कासवाच्या अंगात पुरेशी उष्णता तयार होत नाही. भोवतालच्या उबेवर त्याचे स्नायू चालतात, पोट चालतं, मेंदूही चालतो. उंदराला मानवणाऱ्या गार खोलीत कासव ठेवायचं, उंदराइतक्या वेळात उत्तर मागायचं आणि ते हललं नाही की त्याला मठ्ठ ठरवायचं. अशी परीक्षा कित्येक वर्षं चालली. खोली उबदार ठेवली, वेळ दिला, खायला स्ट्रॉबेरी ठेवली, तेव्हा तेच प्राणी शिकताना दिसू लागले. सहा थरांचं आवरण त्यांना नाही हे खरं. पण जागा लक्षात ठेवण्याचं काम त्यांच्या मेंदूच्या आतल्या कडेचा एक भाग करतो. स्पेनमध्ये सेव्हिलच्या संशोधकांनी पाण्यातल्या कासवांवर दाखवलं आहे की तो भाग निकामी झाला की कासव वाट विसरतं.

मग मी व्हिएन्नाचा २०१० सालचा प्रयोग सांगितला, कारण माझ्या मते सगळ्यांत नवल त्यात आहे. जाळीचं एक कुंपण, इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचं. आत खाऊ, बाहेर कासव. खाऊ डोळ्यांसमोर, पण सरळ गेलं की जाळी आडवी येते. मिळवायचा तर आधी खाऊपासून लांब जाऊन वळसा घालावा लागतो. आपल्या आपण कुणालाच ते जमलं नाही. पण एका शिकवलेल्या कासवाला वळसा घालताना ज्यांनी पाहिलं, त्यांना जमलं.

"किती कासवं होती?"

"थोडीच. बोटांवर मोजण्याइतकी."

"मग जपून बोल."

"जपूनच बोलतेय. पण ही जात एकटी राहणारी आहे, मामा. आई अंडी घालून निघून जाते. पिल्लाला शिकवणारं कुणी नसतं. कळप नाही, कुटुंब नाही. दुसऱ्याचं पाहून शिकण्याची गरजच ज्यांना पडत नाही असं आपण मानत होतो, ती पाहून शिकली. थोडी असोत, पण ज्यांनी पाहिलं ती आणि ज्यांनी नाही ती यांच्यातला फरक स्वच्छ होता."

आणि मग मी माझ्या विरोधात जाणारी गोष्टही सांगितली. याच चमूने अलेक्झांड्रा नावाच्या कासवाला लाल चौकोन दिसला की जांभई देण्यासारखं तोंड उघडायला शिकवलं. त्यात काही महिने गेले. उद्देश असा, की माणसाला दुसऱ्याची जांभई पाहून जांभई येते तशी कासवाला येते का हे पाहावं. नाही आली. त्या शोधाला २०११ चं इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. मामा खुलले. "याला म्हणतात शास्त्र! अर्धं वर्ष घालवायचं आणि 'नाही' हे उत्तर जसंच्या तसं छापायचं." मला त्यात हरल्यासारखं वाटलं नाही. जिथे कासव हुशार निघालं नाही तिथे तसं लिहिणाऱ्या माणसांनीच ते जिथे हुशार निघालं तिथलं लिहिलं आहे, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसतो.

दुसऱ्या दिवशी मामांनी प्रयोग मांडला. पहिल्यांदा ते स्वतः गेले, मामीचा तांब्या घेऊन. तांब्या टेकवला. कासव आलं. मामांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. तासाभराने मामी तांब्याशिवाय जाऊन उभी राहिली. काही मिनिटं गेली आणि नाक वर आलं. मग मामा तांब्याशिवाय गेले. पाऊण तास उभे राहिले. पाण्यावर साधा तरंगही नाही.

"बांगड्या," मामा परत येत म्हणाले. "हिच्या बांगड्या वाजतात. कासवाला बाहेर कान नसले तरी कंपनं कळतात. आता बांगड्या काढून..."

"सणाचे दिवस आहेत," मामी म्हणाली. "बांगड्या निघणार नाहीत."

प्रयोग तिथेच थांबला. पण आवाजाचा विषय निघाला म्हणून मी डार्विनबद्दल बोलले. १८३५ मध्ये तो गॅलापागोस बेटांवर होता. तिथले लोक त्याला म्हणाले की ही प्रचंड कासवं ठार बहिरी आहेत. डार्विननेही पाहिलं की मागून चालत गेलं तर त्यांना पत्ता लागत नाही आणि आपण शेजारून पुढे गेलो की एकदम फुस्स करून ती मान आत ओढतात. बहिरी आणि मुकी, ही समजूत तेव्हापासून जवळजवळ तशीच राहिली. २०२२ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी पन्नास जातींच्या कासवांचे आवाज ध्वनिमुद्रित करून दाखवले. बहुतेक आवाज बारीक, काही पाण्याखालचे. आपला कान तिथे पोचत नव्हता, एवढंच. त्याच्याही आधी ॲमेझॉनच्या खोऱ्यात कामिला फेरारा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मोठ्या नदीकासवांचं बोलणं ऐकलं होतं. पिल्लं अंड्यात असल्यापासून आवाज करतात. माद्या किनाऱ्याजवळ पाण्यात थांबतात, पिल्लं पाण्यात उतरतात आणि सगळी मिळून नदीतून प्रवासाला निघतात.

इथे मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली. एरवी ती आमच्या वादात पडत नाही. "कासवी नजरेने पिल्लं पोसते, असं आमच्या हरिपाठाच्या बायका सांगतात," ती म्हणाली. "ती या काठाला, पिल्लं त्या काठाला. दूध नाही, चारा नाही, नुसती नजर. संतांनी किती ठिकाणी म्हटलंय. हे म्हणायचे, कवींची कल्पना. कासव अंडी घालून विसरून जातं."

"बहुतेक कासवांत तसंच आहे," मामा म्हणाले.

"बहुतेक," मामी म्हणाली आणि आत गेली.

संतांना ॲमेझॉन ठाऊक असण्याचा प्रश्न नाही, आणि त्यांच्या प्रतिमेला पुरावा शोधावा असंही मला वाटत नाही. ती प्रतिमा देवाच्या मायेची आहे. पण आई आणि पिल्लू यांच्यात न दिसणारा धागा असू शकतो, ही शक्यता आपल्या भाषेने मोकळी ठेवली होती आणि माझ्या पाठ्यपुस्तकाने बंद करून टाकली होती, हे मला त्या दुपारी जाणवलं.

खेळाचा विषयही मामीनेच काढला. उन्हाळ्यात नारळाची एक करवंटी विहिरीत पडली होती. कासव ती नाकाने ढकलत विहीरभर फिरायचं. करवंटी भिंतीला अडकली की खालून धक्का देऊन सोडवायचं. कितीतरी दिवस हे चाललं होतं. मग करवंटी बुडाली.

"खाण्यासारखं काही आहे का ते तपासत असणार," मामा म्हणाले.

"कितीतरी दिवस?" मामी म्हणाली.

मला पिगफेस आठवला. खरं म्हणजे विहिरीवर पहिल्या दिवशी ते नळीसारखं नाक पाहिल्यापासूनच तो माझ्या मनात होता. पिगफेस म्हणजे डुकरतोंड्या. नाईल नदीकडचं मऊ पाठीचं कासव, आपल्या विहिरीतल्या पाणकासवाच्याच कुळातलं. असंच लांबट नाक, असंच पाण्याबाहेर नाक काढून श्वास घेणं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात ते पन्नास वर्षांहून अधिक काळ होतं. एक हौद, तेवढंच त्याचं जग. १९८० च्या दशकात ते स्वतःलाच इजा करू लागलं. पंजाने मान ओरबाडायचं, पुढचे पाय चावायचं. जखमा व्हायच्या, चिघळायच्या. माझ्याकडे असं जनावर आलं असतं तर मी मलम दिलं असतं, प्रतिजैविक दिलं असतं, पाणी तपासायला सांगितलं असतं. कासवाला कंटाळा आला असेल हे माझ्या डोक्यात आलं नसतं. कॉलेजात तसं कुणी शिकवलं नव्हतं.

तिथल्या माणसांच्या डोक्यात ते आलं. त्यांनी हौदात बास्केटबॉल टाकले. काठ्या टाकल्या. एक मोठी कडी टाकली. पाणी बदलताना रबरी नळी आत सोडली. पिगफेस चेंडू नाकाने ढकलत हौदभर फिरू लागला. कडीतून आरपार पोहू लागला, वळून परत त्याच कडीतून. नळीचं एक टोक तोंडात धरून ओढायचा आणि दुसऱ्या टोकाला राखणदार असायचा. स्वतःला ओरबाडणं कमी झालं. टेनेसीच्या गॉर्डन बर्गहार्टने सहकाऱ्यांसह त्याच्या वागण्याची नोंद ठेवली आणि १९९६ मध्ये ती प्रसिद्ध केली. कासव खेळतं, असं शास्त्राच्या नियतकालिकात लिहिण्याचं धाडस त्याने केलं.

"पण खेळतं हे ठरवलं कसं?" मामांचा आवाज आता वाद घालणाऱ्याचा नव्हता.

बर्गहार्टने त्यावर पुढे २००५ मध्ये मोठा ग्रंथच लिहिला. खेळ म्हणायचं असेल तर काही अटी पुऱ्या व्हायला हव्यात. त्या कृतीतून त्या क्षणी पोट भरत नसावं की जीव वाचत नसावा. ती आपणहून केलेली हवी. खऱ्या शिकारीपेक्षा किंवा भांडणापेक्षा तिचा ढंग काहीतरी वेगळा हवा. जनावर निर्धास्त हवं, भुकेलं किंवा भेदरलेलं नको. आणि ती कृती पुन्हापुन्हा व्हायला हवी, पण एकाच साच्यात नाही.

"ही शेवटची अट महत्त्वाची," मामा म्हणाले. "पुन्हापुन्हा, पण तेच ते नाही."

मी त्यांना दवाखान्यातलं सांगितलं. शहरात काचेच्या टाकीत कासवं ठेवतात. कानाजवळ लाल पट्टा असलेली, मूळची अमेरिकेतली. रुपयाएवढं पिल्लू विकत घेतात, कुणी मुलांच्या हट्टासाठी, कुणी घराला लाभावं म्हणून. ते ताटाएवढं होतं हे विकणारा सांगत नाही. वाढलं की तळ्यात सोडून देतात आणि मग ते तिथल्या आपल्या कासवांची जागा बळकावतं. माझ्याकडे येतात तेव्हा त्यांची पाठ अनेकदा मऊ पडलेली असते, कारण ऊन मिळालेलं नसतं आणि खाण्यात चुना नसतो. एका घरचे लोक मोबाइलवर चित्रफीत दाखवत होते. कासव काचेच्या एकाच कोपऱ्यात चारी पायांनी वर चढायला पाहत होतं, घसरत होतं, पुन्हा चढत होतं. "बघा डॉक्टर, दिवसभर कसं खेळतं," असं म्हणत होते.

"ते खेळणं नाही," मामा म्हणाले.

"नाही."

"बाहेर पडायचा प्रयत्न आहे."

"हो."

"म्हणून मी म्हणतो, शब्द जपून वापरावा." मामा हळू आवाजात बोलत होते. "त्या घरात कुणी 'खेळतं' हा शब्द घाईने वापरला नसता, तर त्या जनावराकडे नीट पाहिलं असतं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन दिवसांत त्यांचं सगळ्यांत मोलाचं वाक्य मला हेच वाटलं. कासव खेळतं असं मी म्हणते तेव्हा मामांची शंका मला माझ्या शेजारी हवी असते. तिच्याशिवाय पिगफेसची कडी आणि त्या टाकीतला कोपरा यांतला फरक करता यायचा नाही.

पण मामांची खरी हरकत अजून बाहेर यायची होती. ती संध्याकाळी आरतीनंतर आली, ओसरीवर.

"समजा, मी सगळं मानलं," ते म्हणाले. "चक्रव्यूह मानला. व्हिएन्नाच्या आणि झुरिकच्या प्राणिसंग्रहालयातल्या त्या अजस्र कासवांना रंगीत गोळा तोंडाने धरायला शिकवलं आणि त्यांतल्या काहींना ते नऊ वर्षांनीही आठवत होतं, हे तू दुपारी सांगितलंस, तेही मानलं. लाल पायांच्या कासवांना कुठल्या खुणेमागे जास्त खाऊ असतो हे दीड वर्ष लक्षात राहतं, तेही. नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू चेहऱ्यासारख्या आकाराकडे वळतं, तेही. तुला काय सिद्ध करायचंय? की ते थोडंफार आपल्यासारखं आहे? आणि आपल्यासारखं आहे म्हणून त्याला मान द्यायचा? अगं, बावीस कोटी वर्षं झाली त्याला पृथ्वीवर. डायनासोर आले, गेले. ते आहे. महादेवाच्या देवळात आपण नंदीबरोबर त्याला बसवलं ते हुशार म्हणून नाही. गीतेत स्थितप्रज्ञाला त्याची उपमा दिली ती चेंडू खेळतं म्हणून नाही. सगळं आत ओढून घेता येतं म्हणून दिली. त्याचं मोठेपण त्याच्या शांतपणात आहे. ते तू त्याच्याकडून काढून घेतेस आणि त्याला शाळेत बसवतेस. आणि उद्या एखादं जनावर तुझ्या परीक्षेत नापास झालं तर? त्याला टाकीत ठेवायला परवानगी?"

मी बराच वेळ गप्प होते. ते म्हणत होते ते मला पटत होतं आणि तरी त्यात काहीतरी सुटत होतं. काय सुटतंय ते शोधायला विहीर आठवावी लागली.

"मामा, शांत आहे आणि कंटाळलंय, हे दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं," मी म्हणाले. "हात-पाय आत ओढून घेतलेलं कासव स्थितप्रज्ञही दिसतं आणि भ्यालेलंही. पिगफेसचा तो हौद बाहेरून कुणालाही शांतच वाटला असता, त्याने मान ओरबाडायला सुरुवात करेपर्यंत. मला त्याला पास करायचं नाहीये. त्याच्या आत काहीतरी चालू असतं एवढं कळलं, की आपण त्याला कुठे ठेवलंय हे बघावं लागतं. आपल्या विहिरीतलं कासव किती वर्षं आहे?"

"विहीर उपसली त्या वर्षी कुणीतरी आणून सोडलं. पाणी निवळ राहतं म्हणतात ना. झाली पंधरा-सोळा वर्षं."

"भिंत सरळ बांधलेली. चढता येत नाही. ऊन दुपारी तासभर. मादी असेल तर अंडी घालायला माती नाही. दुसरं कासव पाहून पंधरा वर्षं झाली."

मामी दिवा घेऊन दारात उभी होती. "मी त्याला रोज भात घालते," ती म्हणाली. तिच्या आवाजात दुखावलेपण होतं आणि ते मला फार लागलं. त्या कासवाच्या सगळ्या दिवसातलं एकच माणूस ती आहे.

"तू येतेस म्हणून तर ते वर येतं, मामी," मी म्हणाले. "ओळख असो की सवय, त्या विहिरीत दुसरं काही घडतच नाही."

कायद्याचंही बोलणं झालं. आपलं हे पाणकासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्याला. तारा कासवालाही आता तेच आहे आणि २०१९ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद आहे, तरी त्याची तस्करी थांबलेली नाही. विहिरीतलं कासव आपणच काढून ओढ्यात नेऊन सोडणं बरोबर नाही. वन विभागाला कळवायचं ठरलं. मामांनी सकाळी फोन केला आणि सगळी माहिती नीट दिली, आकारासकट.

तिसऱ्या दिवशी मी निघणार होते. चहा घेऊन मागच्या अंगणात गेले तर मामा जुन्या दाराची सागवानी फळी धुवत होते. फळीच्या दोन्ही टोकांना दोर बांधले होते.

"ते लोक येईपर्यंत निदान बसायला जागा," ते म्हणाले. "ऊन पडतं त्या बाजूला सोडू."

फळी आम्ही दोघांनी मिळून हळूहळू खाली सोडली. पाणी हललं आणि स्थिर झालं. मामा कठड्याशी बसले. हातात कालनिर्णयचं मागचं पान आणि पेन्सिल. तांब्या नाही, भात नाही. मी त्यांच्यापासून दोन हात लांब बसले.

बारा-पंधरा मिनिटांनी नाक वर आलं, फळीपासून चांगलं लांब. बुडालं. मग फळीच्या अगदी जवळ. नाकाचं टोक लाकडाला लागलं आणि ते झटकन खाली गेलं. मामांनी वेळ लिहिली. पुन्हा आलं, दुसऱ्या बाजूने. या वेळी ढकललं. फळी दोराला ताण देऊन हलली आणि परत जागेवर आली. कासवाने पुन्हा ढकललं. फळी पुन्हा परत आली. मग ते खालून गेलं, पलीकडे निघालं, वळलं, आणि परत खालून आलं. मामांच्या पानावर आकड्यांची रांग वाढत होती. त्या रांगेच्या डोक्यावर काय लिहावं हे बहुधा त्यांचं ठरलं नव्हतं. तिथे नुसती रेघ होती.

मामी वाटीत भात घेऊन आली. बांगड्या वाजल्या. मामांनी पाण्यावरची नजर न काढता हात वर करून तिला थांबवलं.

"जरा थांब," ते म्हणाले. "त्याचं चाललंय अजून."